सात-बारा पाहिला, घर कोणी पाहिले?

गृहकर्जाची फाईल ज्यांनी हाताळली आहे त्यांना तिची जाडी ठाऊक असते. सात-बाराचा उतारा, फेरफार, बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, बिल्डरशी झालेला करारनामा, इंडेक्स टू, पगाराच्या स्लिपा, फॉर्म सोळा, शिवाय जामीनदार आणि त्यांचेही कागद. बँकेतल्या नोकरीत अशा शेकडो फायली माझ्या टेबलावरून गेल्या, त्यांतल्या पुष्कळशा पालघर-बोईसर पट्ट्यातल्या. जमीन कोणाची, विकणाऱ्याला अधिकार आहे काय, हप्ता फिटेल काय, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्या जाडीत सापडते. ज्या घरासाठी हा सगळा खटाटोप, ते घर धड उभे आहे काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र सापडत नाही.

कोणी म्हणेल, व्हॅल्युअरचा अहवाल असतो ना! असतो. त्यात ‘इमारतीचे उर्वरित आयुष्य’ असा एक रकानाही असतो. पण तो कसा भरला जातो ते सांगतो. आर. सी. सी. इमारतीचे आयुष्य साठ वर्षे धरायचे, त्यातून तिचे वय वजा करायचे आणि पुढे लिहायचे, ‘योग्य देखभाल गृहीत धरून’. दहा वर्षांची इमारत असेल तर पन्नास वर्षे शिल्लक! मग ती डोंगरपायथ्याच्या कोरड्या मुरुमावर उभी असो, की खाजणात भराव टाकून समुद्राच्या वाऱ्यात उभी असो. यात व्हॅल्युअरची लबाडी आहे असे नाही. त्याला बँकेने विचारलेले असते ते एवढेच, की कर्ज बुडाले तर हे विकून किती पैसे येतील? तो किंमत ठरवतो, प्रकृती तपासत नाही. गंमत अशी, की त्याची फी कर्जदार भरतो, अहवाल बँकेचा असतो, आणि माझ्या नोकरीच्या काळात तरी त्याची प्रत कर्जदाराच्या हाती सहसा पडत नसे. बँकेची खात्री पटली म्हणजे आपलीही पटायला हरकत नाही, असे समजून माणूस सही करतो. वस्तुतः त्या दोन खात्र्या वेगळ्या आहेत. बँकेला घर विकायचे असते, आपल्याला त्यात राहायचे असते.

विकणाऱ्याचे मौन

अमेरिकेत घर विकत घेण्यापूर्वी खरेदीदार आपल्या खर्चाने गृहनिरीक्षक नेमतो. तो छपरापासून तळघरापर्यंत घर पाहतो आणि लेखी अहवाल देतो. त्यावरून भाव कमी होतो, दुरुस्ती करून घेतली जाते, नाही तर व्यवहार मोडतो. अशा निरीक्षकांची संघटना तिथे १९७६ साली स्थापन झाली. कॅलिफोर्नियात तर १९९८पासून विकणाऱ्याला हेही लेखी सांगावे लागते, की हे घर पुराच्या, धरणफुटीच्या, वणव्याच्या किंवा भूकंपाच्या धोक्याच्या पट्ट्यात येते किंवा नाही. म्हणजे घराची तपासणी दोन अंगांनी होते. घर कसे बांधले आहे हे एक, आणि कुठे बांधले आहे हे दुसरे.

आपल्याकडे असा कायदाच नाही असे मात्र समजू नये. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे पंचावन्नावे कलम विकणाऱ्यावर बंधन घालते, की मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष त्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही कळण्यासारखा नाही, तो त्याने सांगितला पाहिजे. हे कलम जवळजवळ दीडशे वर्षांचे झाले. पण व्यवहाराच्या टेबलावर ‘स्लॅब गळतो का?’ असे विचारले की विकणारा दलालाकडे पाहतो, दलाल चहा मागवतो, आणि विषय पार्किंगकडे वळतो. शिवाय ‘साधारण काळजी’ हे शब्द घेणाऱ्यावरही जबाबदारी टाकतात. जे डोळे उघडे ठेवून दिसले असते, त्याबद्दल मागाहून तक्रार चालत नाही. म्हणून डोळे उघडे ठेवणारा माणूस बरोबर नेणे हाच शहाणपणा.

हे सारे आजच का लिहावेसे वाटले? एप्रिल २०१३मध्ये उपनगरी लोकल डहाणूपर्यंत धावू लागली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, बुलेट ट्रेनच्या नकाशावर बोईसर स्थानक आले, ऑगस्ट २०२४मध्ये वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. यातल्या प्रत्येक बातमीबरोबर इथल्या घरांच्या जाहिराती वाढत गेल्या. विरार-नालासोपाऱ्यात न परवडणारा माणूस पालघरला आला, तिथे न परवडणारा बोईसरला. जाहिरातीत बंदर असते, स्थानकापासूनची मिनिटे असतात. या भूमीचे घराशी वैर कशाकशातून येते, ते नसते. ते आपणच जाणून घ्यायचे आहे.

खारे वारे, आंबट धूर

पहिले वैर हवेतले. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, चिंचणी ही गावे समुद्रालाच लागून, आणि बोईसरही त्यापासून फार दूर नाही. खाऱ्या हवेतले क्षार काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत जातात आणि सळईपर्यंत पोचले की ती गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो. आतून दाब येतो, काँक्रीट फुटते, पोपडे पडतात आणि सळई उघडी होते. ती उघडी पडली की गंज आणखी वेगाने धावतो.

त्यात तारापूरच्या औद्योगिक वसाहतीची भर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांची जी गुणवारी लावली, तीत ९३.६९ गुण मिळवून तारापूर प्रदूषणात पहिले आले होते. या आकड्याची चर्चा फुप्फुसांच्या संदर्भात झाली आणि ते योग्यच होते. पण आम्लधारी वाफा भिंतीलाही लागतात. काँक्रीटचे भारतीय मानक आय. एस. ४५६ हे जाणते. समुद्राच्या तुषारांत किंवा गंज आणणाऱ्या वाफांत उभे राहणारे बांधकाम ते ‘अति तीव्र’ परिस्थितीत धरते आणि सळईवर ५० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण मागते. नुसत्या किनारी हवेसाठी ४५ मिलिमीटर, तर कोरड्या, सुरक्षित जागी २० पुरतात. पाच सेंटिमीटर म्हणजे जेमतेम तीन बोटे. बांधकाम चालू असताना ही तीन बोटे पाहणारा माणूस नसेल, तर पुढे पन्नास वर्षे कोणालाही ती दिसत नाहीत.

पाण्याचेही तेच. आर. सी. सी.साठी वापरायच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराईड असू नये, असे तेच मानक सांगते. किनारपट्टीवर बोअरचे पाणी मचूळ लागणे ही नित्याची गोष्ट आहे. ते आपण पीत नाही. इमारतीला मात्र ते पाजलेले असू शकते. चालू बांधकामात घर घेत असाल, तर पाणी कुठून येते आणि त्याची तपासणी झाली आहे काय, हे विचारायला लाजू नये.

भराव आणि पाऊस

दुसरे वैर पायाखालचे. पालघर तालुक्यात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूर्वीची वस्ती उंचवट्यावर असे. खाली भातखाचरे, त्यापलीकडे खाजण आणि खाडी. पाणी कुठे जाणार हे गावाला ठाऊक होते. आता उंचवटे संपले, म्हणून खाचरात आणि खाजणात भराव पडतो आणि त्यावर चार मजले चढतात. भराव नीट दाबला नसेल तर तो वर्षानुवर्षे बसत राहतो, आणि तोही सगळीकडे सारखा नाही. मग दाराच्या चौकटी तिरप्या होतात, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, जोत्याभोवतीची फरशी खचते. पाया मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेला आहे, की भरावातच थांबला आहे, हे सांगणारा माती-परीक्षणाचा अहवाल बिल्डरकडे असायला हवा. तो मागावा. ‘सगळं केलेलं आहे, काळजी नको’ हे त्या अहवालाचे नाव नव्हे.

घर पाहायला आपण जातो ते गुढीपाडव्याला किंवा दसऱ्याला. मुहूर्त चांगला असतो, भिंती कोरड्या असतात आणि रंग ताजा असतो. माझे म्हणणे असे, की टोकन मुहूर्ताला द्यावे, पण घर श्रावणात पाहावे. छताच्या कोपऱ्यात ओल दिसते, न्हाणीघराच्या मागच्या भिंतीवर पांढरी बुरशी दिसते, गच्चीवर पाणी कुठे साचते ते दिसते, आणि मुख्य म्हणजे स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता किती पाण्याखाली जातो ते कळते. तेवढे थांबणे शक्य नसेल तर शेजारच्या दुकानदाराला विचारावे, दूधवाल्याला विचारावे. त्यांना काही विकायचे नसते.

जमिनीचा हादरा, कारखान्याचा दणका

तिसरे वैर नवे वाटते, पण भूगर्भाला ते नवे नसावे. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीच्या धुंदलवाडी परिसरात धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला आणि घाबरून पळण्याच्या धांदलीत एक दोन वर्षांची मुलगी दगावली. त्याच जुलैमध्ये रात्रीच्या धक्क्याने भिंत कोसळून एक माणूस गेला. ऐन थंडीत लोक तंबूंत झोपले. हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेची यंत्रे आली, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आली. हे धक्के आकड्यांनी लहान होते, पण उथळ होते. म्हणून ते मोठ्या आवाजासह, थेट घराखाली बसल्यासारखे जाणवत.

धुंदलवाडी बोईसरपासून सुमारे चाळीस किलोमीटर. तेवढ्यावरून बोईसरकरांनी निश्चिंत व्हायचे कारण नाही, आणि घाबरायचेही नाही. भूकंपविषयक मानकाच्या २०१६च्या आवृत्तीने मुंबई, ठाणे आणि हा सारा भाग तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात ठेवला. सळया कशा बांधायच्या, कड्या किती अंतरावर ठेवायच्या, हे सांगणारे आय. एस. १३९२० आणि मातीची, दगडविटांची घरे कशी सावरायची हे सांगणारी १३८२७ आणि १३८२८ ही मानके १९९३ सालची. त्याच साली ३० सप्टेंबरला किल्लारी झाले. तिथे माणसे मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली. तीन दशके मानके छापलेली आहेत. प्रश्न ती बोईसरच्या गवंड्यापर्यंत पोचण्याचा आहे.

इथे एक उलटा हिशेब दिसतो. वारली पाड्यातले कारवीच्या कुडाचे घर हलके असते. ते हलते, वाकते, आणि पडलेच तरी माणूस खालून निघू शकतो. त्या कुडाला आपण कच्चे म्हणतो. त्याजागी बांधलेली विटांची भिंत, जिला ना जोत्यावर पट्टा ना दरवाजाच्या डोक्यावर पट्टा, तिला आपण पक्की म्हणतो. कच्चे आणि पक्के हे शब्द आपण साहित्यावरून ठरवले, सुरक्षिततेवरून नव्हे. शहरात त्याचा भाऊबंद म्हणजे खाली नुसते खांब आणि पार्किंग, वर भिंतींनी भरलेले चार मजले. हादऱ्यात सारा भार त्या उघड्या खांबांवर येतो. २६ जानेवारी २००१च्या भुज भूकंपात अहमदाबादेत अशा इमारती कोसळल्या, त्या भूकंपकेंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर होत्या.

चौथे वैर माणसाने उभारलेले. ८ मार्च २०१८च्या रात्री आणि ११ जानेवारी २०२०च्या संध्याकाळी तारापूर औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले. दुसऱ्यात आठ माणसे गेली. दोन्ही वेळा हादरे कित्येक किलोमीटरवर जाणवले. घर घेताना कारखान्याची भिंत किती दूर, वारा कुठल्या बाजूने येतो, आणि अग्निशमनाची गाडी आपल्या गल्लीत वळेल काय, हे पाहणारा माणूस मला विरळाच भेटला. अणुऊर्जा केंद्र १९६९पासून इथे आहे. त्याभोवती १६ किलोमीटरपर्यंतचा परिसर आपत्कालीन नियोजनात धरला जातो. त्यावरून भीतीचे राजकारण करण्याचे कारण नाही. पण वायुगळती असो वा किरणोत्सर्ग, पहिली सूचना एकच असते: घरात जा आणि दारे-खिडक्या बंद करा. अशा वेळी घर हीच पहिली ढाल असते. ज्या घराच्या खिडक्या नीट लागत नाहीत, त्या घरात ही सूचना पाळता येत नाही.

माणूस कुठून आणायचा?

‘गृहनिरीक्षक’ अशी पाटी पालघरमध्ये शोधू नये, सापडणार नाही. पण स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत. अट एकच: तो बिल्डरचा नसावा, दलालाने सुचवलेला नसावा आणि बँकेच्या यादीतला म्हणून आपोआप आपला समजू नये. फी आपण द्यावी, अहवाल आपल्या नावे लेखी घ्यावा, आणि हे सारे बयाणा देण्यापूर्वी व्हावे. बयाणा दिल्यावर माणूस दोष शोधत नाही, समर्थन शोधतो.

तो आल्यावर काय करतो ते आपणही उभे राहून पाहावे. गिलाव्यातली केसासारखी भेग आणि तुळईत सळईच्या रेषेने धावणारी भेग यांतला फरक तो दाखवील. पहिली रंगाची बाब, दुसरी गंजाची. काँक्रीटवर ठोकून पोकळ आवाज ऐकील. जुनी इमारत असेल तर हातोड्याची चाचणी, ध्वनिलहरींची चाचणी, क्षार किती आत गेले याची चाचणी सुचवील. गच्ची, टाक्यांखालचे खांब आणि न्हाणीघरांच्या नळ्या पाहील. आपण दलालाला शेकडा एक-दोन टक्के देतो, वास्तुशास्त्राच्या सल्ल्यालाही पाकीट देतो. स्वयंपाकघर आग्नेयेला आहे की नाही हे पाहणाऱ्याला पैसे देणाऱ्या समाजाला, स्वयंपाकघराच्या डोक्यावरचा स्लॅब पाहणाऱ्याला द्यायला ते जड जाऊ नयेत.

जुन्या इमारतीत सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिट मागावे. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे ते पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा व्हायला हवे. नवीन घरात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला, तर तो विनामोबदला तीस दिवसांत दुरुस्त करण्याची जबाबदारी २०१६च्या रेरा कायद्याच्या चौदाव्या कलमाने बिल्डरवर टाकली आहे. तेव्हा निरीक्षकाला एकदा खरेदीपूर्वी आणि एकदा ही पाच वर्षे संपण्याआधी बोलवावे. विम्याचेही तसेच. एप्रिल २०२१पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत आग, स्फोट, वादळ, पूर आणि भूकंप ही सारी संकटे एकत्र येतात. कर्जाबरोबर गळ्यात मारलेला आयुर्विमा म्हणजे घराचा विमा नव्हे, हे सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे.

आता आक्षेप. हे सगळे फ्लॅट घेणाऱ्या पगारदाराचे झाले. बोईसरच्या चाळीत आठ बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराने इंजिनिअर कुठून आणायचा? आक्षेप खरा आहे. बोईसर शहर वाढले ते ग्रामपंचायतींच्या हद्दींत. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचे किंवा आठ सदनिकांपर्यंतचे प्रकल्प रेराच्या नोंदणीतून सुटतात, आणि चाळी तर कुठल्याच वहीत नसतात. याच जिल्ह्यात, विरारमध्ये, २०२५च्या ऑगस्टअखेरीस एका अनधिकृत चार मजली इमारतीचा भाग मध्यरात्री कोसळून १७ माणसे गेली. त्या इमारतीचे वय तेरा-चौदा वर्षे. साठातून चौदा वजा केले तर सेहेचाळीस उरतात. वजाबाकी बरोबर आहे, माणसे मात्र उरली नाहीत.

म्हणून हा प्रश्न प्रत्येकाच्या खिशावर सोडून चालणार नाही. तीन गोष्टी आजही करता येण्यासारख्या आहेत. बँकांनी व्हॅल्युअरच्या अहवालाची प्रत कर्जदाराला हक्काने द्यावी आणि त्यात बांधकामाच्या स्थितीचे एक पान जोडावे. वीस वर्षांचे कर्ज देणाऱ्याला वीस वर्षे टिकणारे तारण हवे असते, तेव्हा यात परोपकार काही नाही. जिल्हा परिषदेने आणि नगरपरिषदांनी अभियंत्यांची यादी आणि ठरावीक दर जाहीर करावेत, आणि चाळीपुरते ते दर शासनाने सोसावेत. आणि करारनाम्यात एक साधे पान सक्तीचे व्हावे: ही जागा भरावाची आहे काय, किनाऱ्यापासून किती अंतरावर, औद्योगिक क्षेत्रापासून किती अंतरावर, पाया कशावर, शेवटची तपासणी केव्हा. खाली विकणाऱ्याची सही. ज्या देशात जन्मतारखेसाठी तीन पुरावे लागतात, तिथे घराच्या प्रकृतीसाठी एक पान मागणे अवास्तव नाही.

तोवर निदान ज्याला परवडते त्याने सुरुवात करावी. चार गिऱ्हाइकांनी इंजिनिअर बरोबर आणला की पाचव्या वेळी बिल्डरच अहवाल तयार ठेवतो. बाजाराची रीतच तशी आहे. आणि अहवाल वाईट आला तर व्यवहार मोडायची तयारी ठेवावी. मोडलेल्या व्यवहारात दोन-चार आठवडे जातात. मोडकळीला आलेल्या घराचे हप्ते मात्र पूर्ण वीस वर्षे भरावे लागतात, घर राहिले तरी आणि न राहिले तरी.